११२ला फोन का केलास?

माझ्या ट्रकमध्ये लपलेली माणसं सापडली तेव्हा मी ११२ला, म्हणजे युरोपभर चालणाऱ्या तातडीच्या मदतीच्या नंबराला, फोन का केला, हे तुम्ही विचारता म्हणून एकदाचं लिहून टाकतो. तोंडी सांगायला गेलं की अर्ध्यावर कुणीतरी आपलं मत मध्ये घालतं, मग वाद त्या मतावर होतो आणि माझं सांगणं राहून जातं.

प्रश्न दोन बाजूंनी येतो. इथं इंग्लंडात, स्विंडनला, गणेश चवथीत कुणाच्या घरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, जेवायला बसलो की एखादे काका पानावरून मान वर करतात, "फ्रान्समध्ये ती चोरून घुसणारी माणसं पोलिसांत दिली तो तूच ना? बरं केलंस." आणि घरी मुलगी, कॉलेजात जाणारी, विचारते, "बाबा, तू स्वतः बाहेरून आलास. मग ११२ला फोन का केलास?" मुलीचा प्रश्न झोंबतो. काकांची शाबासकी मात्र सहनच होत नाही.

मी गोव्यात काय करत होतो, इंग्लंडात कसा आलो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पासपोर्टाचं तेवढं सांगतो, कारण पुढे त्याच्यावरच येणार आहे. माझे वडील १९५४ साली डिचोलीत जन्मले. गोवा तेव्हा पोर्तुगालचा. १९६१च्या डिसेंबरात तो मुक्त झाला, पण त्याआधी तिथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचा कायदा आजही नागरिकत्व देतो. आधी बाबांचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढवायचा, मग आईबाबांचं लग्न, मग माझा जन्म, मग पासपोर्ट, आणि इंग्लंड तेव्हा युरोपीय संघात असल्यामुळे त्यावर तिथं राहता यायचं. बाबांना पोर्तुगीजमध्ये "बों दीय"च्या पुढे काही येत नव्हतं. मला तेवढंही नाही. २०१२च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला, आणि सारमानसच्या धक्क्यावर खनिजाच्या खेपा मारणारा माझा टिप्पर अंगणात उभा राहिला. हप्ते काही उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये कोर्टानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून पुन्हा परवानगी दिली, तोवर मी स्विंडनच्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी भरत होतो. तिथून जड ट्रकांचं क्लास टू, मग क्लास वनचं लायसन्स, मग युरोपच्या फेऱ्या करणारी ती इंग्लिश कंपनी.

ब्रेग्झिटनंतर तर गंमतच झाली. कंपनीतले जन्मानं इंग्लिश असलेले ड्रायव्हर १८० दिवसांतले ९० दिवस मोजायला लागले, त्याहून जास्त त्यांना युरोपात राहता येईना. पोर्तुगालच्या पासपोर्टामुळे डिचोलीच्या माणसाला मोजणी नाही! फेऱ्या वाटणाऱ्या प्लॅनरला हे कळल्यावर स्पेनच्या फेऱ्या माझ्याच नावावर पडायला लागल्या. तिकडे गेलो की चांगले पैसे होते, खोटं कशाला बोलू.

आता ती सकाळ.

२०२२चा हिवाळा. स्पेनमधल्या मुर्सियाहून लेट्यूस भरून आणत होतो. हिवाळ्यात इंग्लंड जी सॅलडची पानं खातं त्यातली पुष्कळशी तिथून येतात. ट्रेलर रीफर होता, म्हणजे आतून थंड ठेवलेला, आम्ही ड्रायव्हर त्याला फ्रिजच म्हणतो. ला जोंकेरावरून फ्रान्समध्ये, मियोचा तो उंच पूल ओलांडून, ऑर्लेआँ पार करून शार्त्रच्या आसपास रात्रीला थांबलो. टॅकोग्राफचे, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदणाऱ्या यंत्राचे, तास संपले होते. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास सुट्टी, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. ते संपले की गाडी जिथं जागा मिळेल तिथं लावायची. कॅले म्हणजे इंग्लंडची फेरीबोट सुटते ते बंदर, तिथं माणसं गाडीत घुसतात, म्हणून त्याच्या जवळ थांबू नका हे आम्हाला पाठ होतं, आणि ही जागा कॅलेपासून साडेतीनशे किलोमीटर लांब होती. नंतर कंपनीनं मला एकच गोष्ट विचारली, "तिथं का थांबलास?" कुठं थांबायला हवं होतं हे मात्र कुणी सांगितलं नाही.

सकाळी सहाला अंधारच होता. गाडीला फेरी मारताना फ्रिजचा डिस्प्ले पाहिला. दोन अंशांवर लावलेला, सहा दाखवत होता. मशीन बिघडलं असं वाटलं. मागे आलो, सील शाबूत. पण दाराच्या कडीचे रिवेट चकचकीत होते, बाकी सगळं मिठाच्या चिखलानं राखाडी झालेलं. सील तसंच ठेवून रिवेट काढून कडी सुटी करायची, माणसं आत घालायची आणि परत ठोकून द्यायची, ही दलालांची रीत आहे. दाराला कान लावला. कुणीतरी खोकलं.

कंपनीचा नियम असा की दार उघडायचं नाही, पोलिसांना बोलवायचं. मी सील कापलं आणि दार उघडलं. हे मुलीला मी मुद्दाम ऐकवतो.

पॅलेटांच्या वर, छतापर्यंत हवा खेळायला सोडलेली जागा असते, तिथं ते आडवे पडले होते. टॉर्च मारला तर आधी बुटांचे तळवे दिसले. सहाजण. दाराजवळ एक पोरगा, पंधरा-सोळाचा असेल, डोळ्यांवर हात धरून. मी इंग्लिशमध्ये काहीतरी बोललो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "भाईजान, बंद कर दो."

मी म्हटलं, "अंदर मर जाओगे."

"नहीं मरेंगे. कितने घंटे?"

मी मोजलं. कॅलेपर्यंत पाच, रांगेत किती ते देव जाणे, फेरीबोटीचा दीड तास, डोव्हरहून मिडलंड्सच्या गोदामापर्यंत चार, मध्ये माझी सुट्टी. बारा तरी. "बारह," म्हणालो. त्यानं मागे वळून पश्तूत सांगितलं. आत थोडी चर्चा झाली, खरोखरची चर्चा, कुणी हो, कुणी नको. मग तो परत वळला. "बारह घंटे ठीक है."

त्याच्या मागे एक चाळिशीचा माणूस होता, त्याचा चाचा. त्याचे ओठ निळसर पडले होते आणि तो कापत नव्हता. बाकीचे पाचजण कुडकुडत होते, हा नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं की थंडीनं कापणारा माणूस अजून लढत असतो, कापायचं थांबला की घाई करायची. पोराला सांगितलं, चाचाला खाली उतरव. तो म्हणाला, "वो ठीक है, सो रहा है."

मग त्यानं ते वाक्य टाकलं. "आप हिंदुस्तानी हो, आप समझोगे. आप भी तो ऐसे ही आए होंगे."

मी म्हटलं नाही, माझ्याकडे पासपोर्ट आहे.

"कैसे मिला?"

काय सांगू? "बाप की वजह से," म्हणालो. तो हसला. टोमणा म्हणून नाही, चांगला विनोद ऐकल्यासारखा हसला.

मी चार पावलं बाजूला गेलो आणि ११२ लावला. त्यानं ते पाहिलं. दोघांनी पॅलेटवरून उड्या टाकल्या आणि कुंपण ओलांडून गव्हाच्या शेतात पळाले. त्या भागात सगळं सपाट आहे, बराच वेळ दिसत होते. पोराला पळता आलं असतं, सहाजणांत तोच सगळ्यांत चपळ दिसत होता. चाचा होता म्हणून तो थांबला. चाचाला मी आणि दुसऱ्या एकानं खाली उतरवला, माझ्या केबिनमधली रजई गुंडाळली, गॅसवर चहा ठेवला. चहा उकळायच्या आत जांदार्म, म्हणजे तिथले पोलिस, आले, पाठोपाठ अग्निशमनवाल्यांची रुग्णगाडी. चाचाला सोनेरी पन्नीत गुंडाळून रुग्णगाडीत घातलं, बाकी तिघांना व्हॅनमध्ये. पोरगा व्हॅनच्या पायरीवरून मला ओरडून सांगत होता, "इनको बोलो, मैं उसके साथ जाऊँगा!" मला फ्रेंच येत नाही. मी इंग्लिशमध्ये सांगितलं, हातवारे केले, तो मुलगा, तो आजारी, एकाच घरातले. जांदार्मनं मान हलवली. होकाराची होती की "पुरे" म्हणणारी, मला समजलं नाही. दोन गाड्या दोन दिशांना गेल्या.

पुढचं मला ठाऊक नाही. लेट्यूस सुपरमार्केटनं घेतलं नाही, सील तुटलेला माल घेतच नाहीत, सगळा फेकला.

तर, का केला फोन.

दंडासाठी केला असं मुलीचं म्हणणं. तेव्हा ब्रिटिश कायद्यानं गाडीत सापडलेल्या एकेका माणसामागे ड्रायव्हरला दोन हजार पौंडांपर्यंत दंड व्हायचा आणि मालकाला वेगळा. सहाजणांचे बारा हजार. २०२३च्या फेब्रुवारीत ती मर्यादा माणशी दहा हजारांवर नेली. आधी मी तिला सांगायचो की दंड माझ्या मनातसुद्धा आला नाही. तसं नव्हतं. पोरगा "कितने घंटे" विचारत होता आणि मी तास मोजत होतो, तेव्हा पौंडही मोजत होतो. दोन्ही बेरजा एकदमच झाल्या. पण दंडाचीच भीती असती तर आणखी सोपा रस्ता होता. दार उघडं टाकून कॅन्टीनमध्ये कॉफी प्यायला जायचं, परत येईपर्यंत फ्रिज रिकामा. बरेच ड्रायव्हर तसं करतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. चाचा त्या थंडीत हायवेच्या कडेला राहिला असता, एवढंच.

आणि दार बंद करून तसंच पुढे न्यायचं, हे ज्यांना दयाळूपणाचं वाटतं त्यांनी फ्रिज म्हणजे काय हे समजून घ्यावं. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून तो हवाबंद बांधलेला असतो. आत माणसं मरतात ती बहुतेकदा श्वास कोंडून. २००० साली डोव्हरला टोमॅटोच्या ट्रकमध्ये ५८ चिनी माणसं मेलेली सापडली. २०१५ मध्ये ऑस्ट्रियात हमरस्त्याच्या कडेला सोडलेल्या फ्रिजमध्ये ७१. २०१९च्या ऑक्टोबरात एसेक्समध्ये ३९, सगळे व्हिएतनामचे, त्यातली काही पंधरा वर्षांची पोरं. ही बातमी आली तेव्हा मी बेल्जियममध्ये होतो आणि पार्किंगमधला प्रत्येक फ्रिजवाला उठून आपापल्या दाराला कान लावून आला होता. बारा तास ठीक आहेत असं त्यांच्यापैकीही कुणी म्हटलं असणार.

हे मी छातीठोक सांगतो, आणि सांगताना माझाच एक जुना अवतार मध्ये बोलतो: ते डझनांनी होते, तुझे सहा, तेही दार उघडून हवा खाल्लेले. चाचाला उतरवून पाचजणांना नेता आलं नसतं? मी म्हणतो, त्याला तस्करी म्हणतात, तुरुंग आहे. तो म्हणतो, मग तुरुंगाला भ्यालास असं सांग ना, हवेचं काय सांगतोस. मी म्हणतो, दोन्ही. तो म्हणतो, किती किती टक्के? हे भांडण रात्रीच्या ड्रायव्हिंगला बरं असतं, झोप येत नाही.

काकांना उत्तर द्यायचं मी सोडून दिलं आहे. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग जुळावं म्हणून ज्यांनी म्हापशाच्या एजंटाच्या पायऱ्या झिजवल्या, तेच आता "रांगेत उभे राहून यावं माणसानं" म्हणतात. कुठली रांग? त्या पोरासाठी पेशावरात किंवा काबूलमध्ये कुठली खिडकी उघडी होती? आपण रांगेतून आलो नाही, आपण १९६१च्या आधीच्या एका तारखेमुळे आलो. २०२४च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात जमाव आश्रय मागायला आलेल्यांच्या हॉटेलांवर चालून गेला, रॉदरहॅमजवळ तर हॉटेलालाच आग लावायला निघाला, तेव्हा हेच काका दोन दिवस दुकानात गेले नव्हते. जमाव काही सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेग्झिटनंतर आपल्याला मिळालेली राहायची परवानगी, तपासून दगड मारत नाही, हे तेव्हा त्यांना बरोबर कळलं होतं.

युरोपच्या फेऱ्या मी त्या प्रसंगामुळे सोडल्या असंही तुमच्यात बोललं जातं. तसं नाही. कंबर आणि डोव्हरच्या रांगा, ही कारणं. पुढे वर्षभर तोच फ्रिज ओढत होतो.

मुलीचा आणि माझा वाद आता एका वेगळ्याच मुद्द्यावर अडकला आहे. तिनं शोधून काढलं की फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेसाठी १५ असा वेगळा नंबर आहे, पोलिसांचा १७. "बाबा, तू १५ लावायला हवा होतास. डॉक्टर आले असते, व्हॅन आली नसती, तो चाचाबरोबर गेला असता." मी म्हणतो, केबिनमधल्या स्टिकरवर ११२ होता. ती म्हणते, तू बारा वर्षांच्या मुलासारखं स्टिकरचं काय सांगतोस. मी म्हणतो, ट्रकमधून माणसं निघाली म्हटल्यावर डॉक्टरांनीच पोलिसांना कळवलं असतं. ती म्हणते, कदाचित नसतं. कदाचित नसतं, हे मलाही मान्य आहे. पण १५ माहीत असता तर मी तोच लावला असता का, असं तिनं परवा विचारलं, आणि मी तिला म्हटलं, आई जेवायला बोलावतेय.