तुम्ही विचारलंत म्हणून: लोणी खाऊन फिट थांबते का?

"नुसतं तेल-लोणी खाऊन फिट्स कशा काय कमी होतात हो?" अपस्मार असलेल्या लेकीला कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवल्यापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. पाठोपाठ दुसरा असतोच: "मग आम्हीही घरी सुरू करू का?" दुसऱ्याचं उत्तर आधी देते. मनानं अजिबात नको.

उपाशी माणसाच्या फिट्स कमी होतात, हे वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक होतं. पण लेकराला उपाशी ठेवणार किती दिवस? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी युक्ती सुचवली: पोट भरलेलं, पण शरीराला वाटतंय उपास चाललाय. कर्बोदकं जवळपास बंद केली की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू बराचसा त्यांवर चालायला लागतो. या इंधनावर मेंदूच्या पेशी ऊठसूट भडकत नाहीत. यामागे एकच कारण नाही. पेशींना शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनापासून पेशीतल्या ऊर्जानिर्मितीपर्यंत बरेच धागे आहेत. ग्लट-वन नावाच्या दुर्मिळ विकारात मात्र गणित सरळ आहे. तिथे ग्लुकोज मेंदूत नेणारं प्रथिनच कमी पडतं, कीटोन दुसऱ्या दारानं आत शिरतात. म्हणून त्या मुलांना हा आहार पहिला उपचार म्हणून देतात.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध आलं आणि गोळी घेणं सोपं असल्यामुळे आहार मागे पडला. २००८ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी १४५ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. ही सगळी औषधांना न जुमानणाऱ्या फिट्सची मुलं. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. आहार न दिलेल्यांत हेच प्रमाण ६ टक्के. म्हणजे चमत्कार नाही, पण थट्टेवारी नेण्यासारखंही नाही.

आता आमचं स्वयंपाकघर. चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ, तर प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम. हे 'चारास एक' सांभाळायला ओट्यावर ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आहे. वाटीला चिकटलेलं तेलसुद्धा रबरी चमच्यानं निपटून तिच्या तोंडात जातं, कारण ते वाटीत राहिलं तर हिशेब चुकला. एकदा ताप आला म्हणून मी नेहमीचं गोड सिरप दिलं. सकाळी लघवीतले कीटोन दाखवणारी पट्टी, जी एरवी गडद जांभळी व्हायची, ती फिकट गुलाबीवरच अडली. दुपारी फिट आली. सिरपमुळेच आली असं शपथेवर सांगणार नाही, पण तेव्हापासून टूथपेस्टचीही मागची बाजू वाचते.

म्हणूनच मनानं नको म्हणते. काही मुलांच्या शरीराला जन्मतःच चरबी जाळता येत नाही. त्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो. त्यामुळे आधी रक्ताच्या तपासण्या. नंतरही मूतखडा, बद्धकोष्ठता, वाढ मंदावणं, कोलेस्टेरॉल यांवर लक्ष लागतं. जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघंही हवेत. साधारण तीन महिने देऊन बघतात. गुण आला तर बहुतेकदा दोन वर्षं चालवून हळूहळू सोडवतात.

आमच्या फिट्स थांबल्या का? नाही. रोज येत, आता आठवड्यात एखादी. औषधं तिनाची दोन झालीत.