तुम्ही विचारलंत म्हणून: समोरच्याबद्दल नेमकं लिहायचं काय?

ऑनलाइन पोकर खेळताना मी प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी ठेवतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘त्यात लिहिता तरी काय?’ खरं सांगायचं तर सुरुवातीला मी जे लिहीत होतो, त्यातलं फारसं कामाचं नव्हतं. एका नोंदीने ते दाखवून दिलं.

एका खेळाडूने रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या आणि शेवटच्या पानावर, अख्ख्या पॉटएवढी (डावात जमलेल्या सगळ्या पैशांएवढी) बेट लावली. मी चांगली जोडी टाकून दिली आणि त्याने हौसेने पानं दाखवली: बदामाची सत्ती आणि अठ्ठी. फ्लश, म्हणजे एकाच रंगाची (बदाम, इस्पिक वगैरे) पाच पानं, हुकला होता, हातात काहीच नव्हतं. मी रागातच लिहिलं, ‘ब्लफ करतो. सोडायचं नाही.’

काही आठवड्यांनी तो पुन्हा टेबलावर आला. फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, राजा, सत्ती, दुर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पानावर, आणखी एक दुर्री, आणि ही चार पानं चार वेगळ्या रंगांची. रिव्हरला नव्वी. पुन्हा तशीच पॉटभर बेट. माझ्याकडे राजाची जोडी होती. नोंद उघडली, कॉल केला, म्हणजे त्याच्याएवढेच पैसे टाकले. त्याच्याकडे दोन सत्त्या होत्या, म्हणजे बोर्डवरच्या (टेबलावरच्या) पानांसह तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या, फुल हाउस. त्या एका कॉलमध्ये माझे साठ बिग ब्लाइंड (बिग ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधीच लावायची ठरलेली रक्कम) गेले.

रात्री दोन्ही डाव शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिल्या डावात हुकण्यासारखा ड्रॉ, म्हणजे पूर्ण व्हायला आणखी पान लागणारा हात, होता. दुसऱ्यात फ्लशची किंवा स्ट्रेटची (ओळीने येणाऱ्या पाच पानांची) आशा धरून कुणी रिव्हरपर्यंत यावं असं काही नव्हतंच. म्हणजे तो काय घेऊन ब्लफ करतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण लिहिताना नेमकं तेवढंच गाळलं होतं.

तेव्हापासून मी माणसाबद्दलचं मत लिहीत नाही, पाहिलेलं लिहितो. तो कुठल्या जागेवर होता, स्टॅक (त्याच्यापुढचे पैसे) किती बिग ब्लाइंडचा, बेट पॉटच्या मानाने केवढी आणि शेवटी पानं कोणती निघाली. पानं दिसलीच नसतील तर बहुधा लिहीतच नाही, कारण न पाहिलेल्या पानांबद्दलचा अंदाज दोन महिन्यांनी वाचताना पुरावाच वाटायला लागतो. ‘मूर्ख’, ‘नशीबवान’ हे शब्द तर कधीच नाहीत. ते वाचून कॉल करायचा की फोल्ड (पानं टाकून द्यायची), हे ठरत नाही.

सॉफ्टवेअर आकडे देतंच की, असं काही जण म्हणतात. देतं, आणि तेही बघावेत. एखादा किती टक्के डावांत स्वतःहून पैसे घालतो, म्हणजे व्हीपीआयपी, याचा ढोबळ अंदाज शंभरेक डावांत येतो. पण रिव्हरपर्यंत पोचणारे डाव मुळात थोडे, त्यामुळे तिथले आकडे भरवशाचे व्हायला हजारो डाव लागतात. नोंदीची खरी गरज तिथे आहे. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. कुणी आधी नुसता लिंप करून (बेट न वाढवता किमान पैसे घालून) मग दुसऱ्याच्या रेजवर, म्हणजे वाढवलेल्या बेटवर, पुन्हा रेज मारली आणि एक्के दाखवले, तर ते पुन्हा कधी बघायला मिळेल सांगता येत नाही. ते तिथल्या तिथे टिपायलाच हवं.

वेळ कुठून आणता, हेही विचारतात. नीट खेळणारा बहुतेक डाव फ्लॉपच्या आधीच फोल्ड करतो. तो सगळा वेळ बघण्याचा. शिवाय बऱ्याच साइट्सवर शोडाउनला (शेवटी पानं उघडताना) हरून झाकलेली पानंही हँड हिस्टरीत, म्हणजे साइटने ठेवलेल्या डावांच्या नोंदीत, दिसतात. ती मी सत्र संपल्यावर चाळतो.

विचार करायला किती वेळ घेतला, यावर मात्र माझा विश्वास नाही. तो एकाच वेळी चार टेबलं खेळत असेल, तर त्याच्या उशिराचा माझ्या डावाशी संबंध असेलच असं नाही.

आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती किती वेळा दिसली ते लिहायचं. एकदा दिसलं तर पुढे प्रश्नचिन्ह. तिसऱ्यांदा दिसलं की ते काढतो. नोंद दोन-तीन ओळींपलीकडे जाऊ देत नाही, कारण निर्णयाला हातात काही सेकंदच असतात.

त्या खेळाडूची नोंद आज अशी आहे (बीबी म्हणजे बिग ब्लाइंड, बटण म्हणजे डीलरची जागा): ‘100 बीबी, बटण. हुकलेला फ्लश, रिव्हरला पूर्ण पॉट, 3 वेळा. ड्रॉ नसलेल्या बोर्डवर पूर्ण पॉट, फुल हाउस, 1 वेळा?’


दुसऱ्या ओळीतलं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.