बंद डब्यात मुका होणारा फझ

१९६६ साली बाजारात आलेल्या ‘फझ फेस’ या पेडलच्या (गिटारचा सूर खरखरीत, म्हणजेच ‘फझ’, करणाऱ्या पायाने चालवायच्या डब्याच्या) सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवून रोध बदलण्याची बटणे) एवढेच सामान असते. गिटारसाठीचे पहिले पेडल स्वतः बनवायचे ठरवले तेव्हा मी हेच सर्किट निवडले आणि इतक्या थोड्या सामानात चुकायला जागाच कुठे आहे, अशा समजुतीत राहिलो. जागा भरपूर होती.

सुरुवातीच्या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. ते तापमानानुसार वागणूक बदलतात, त्यामुळे मी सिलिकॉनचे बीसी५४७ घेतले. त्याची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा तीन पायांचा क्रम येतो. टूएन३९०४ या तितक्याच प्रचलित ट्रान्झिस्टरमध्ये तो नेमका उलटा असतो. हे आधीच वाचलेले असल्यामुळे त्या खड्ड्यात मी पडलो नाही आणि बहुधा त्याच समाधानात पुढच्या खड्ड्यात पडलो.

व्हेरोबोर्डवर, म्हणजे तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या छिद्रांच्या बोर्डवर, सगळे सोल्डर करून बॅटरी जोडली, तर अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाजच येईना. माझा पहिला विचार ट्रान्झिस्टर बदलण्याचा होता, जो अशा वेळी बहुतेकांचा असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. सुदैवाने त्याआधी मल्टिमीटर हाताशी आला. बॅटरी ९.२ व्होल्ट दाखवत होती, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरही पूर्ण ९.२ व्होल्ट होते, म्हणजे त्यातून प्रवाह वाहतच नव्हता. त्याच्या बेसवर ०.२७ आणि एमिटरवरही ०.२७ व्होल्ट मिळाले. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर चालू असेल तर या दोन पायांत साधारण ०.६ व्होल्टचा फरक असायला हवा. येथे फरक शून्य होता, याचा अर्थ ते दोन पाय कुठेतरी एकमेकांना चिकटलेले होते. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला तेव्हा शेजारच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये केसाएवढी सोल्डरची तार दिसली. ब्लेडच्या टोकाने ती खरवडली आणि आवाज आला.

आवाज आला खरा, पण सूर विझताना मध्येच तुटल्यासारखा वाटत होता. कलेक्टरवर आता ३.१ व्होल्ट होते, तर या सर्किटमध्ये तेथे बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे ४.५ व्होल्ट ठेवण्याची रीत आहे. कलेक्टरकडचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून त्याजागी १० किलोओहमचा ट्रिमपॉट (बोर्डवरच बसणारा छोटा पॉट) बसवला आणि मीटरकडे पाहत ४.५ व्होल्ट येईपर्यंत तो फिरवला.

यानंतर डब्याचे प्रकरण सुरू झाले, आणि त्यानेच सर्वाधिक वेळ खाल्ला. टेबलावर उघडे पडलेले पेडल उत्तम वाजत होते; अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवले की मुके होत होते. बाहेर काढले की पुन्हा वाजे. मी बोर्डाखाली पुठ्ठा घातला, वायरी लांब केल्या, फूटस्विचचे नऊही जोड पुन्हा सोल्डर केले. एक साधी गोष्ट मात्र दोन संध्याकाळी माझ्या लक्षात आली नाही: फूटस्विच बायपासवर ठेवला तरीही आवाज येत नव्हता. बायपासमध्ये सिग्नल सर्किटला वळसा घालून इनपुट जॅकमधून थेट आउटपुट जॅककडे जातो, त्यामुळे तो अडत असेल तर दोष बोर्डात शोधण्यात अर्थ नाही. तो जॅक, स्विच किंवा त्यांच्यामधल्या वायरींतच असणार.

मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके एकमेकांना जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून आउटपुट जॅकच्या टिपपासून, म्हणजे सिग्नलच्या जोडापासून, डब्यापर्यंत तपासले, तर मीटर गप्प. केबलचा प्लग आत ढकलला मात्र, मीटर वाजू लागला. प्लग आत शिरताना जॅकची स्प्रिंगची पट्टी बाहेरच्या बाजूला सरकते, आणि माझ्या डब्यात ती सरकून थेट भिंतीला टेकत होती. डबा ग्राउंडला जोडलेला असल्यामुळे सगळा सिग्नल तेथेच जिरत होता. नट सैल करून जॅक पाव फेरा फिरवला, भिंतीच्या आतल्या बाजूला इन्सुलेशन टेपचा तुकडा लावला आणि प्लग घातलेलाच ठेवून पुन्हा मोजले. या वेळी मीटर वाजला नाही. झाकणाचे चारही स्क्रू आवळले, फूटस्विच दाबला आणि फझ बंद डब्यातूनही वाजला.