खालची पट्टी

आमच्या लहानपणी टीव्ही मुंबईचा होता आणि रेडिओ सांगलीचा. संध्याकाळी सातला प्रदीप भिड्यांचा आवाज घरात घुमायचा आणि बातम्यांच्या शेवटी तापमान कळायचं, ते कुलाब्याचं आणि सांताक्रूझचं. ही दोन्ही ठिकाणं कुठं आहेत हे माहीत नसताना तिथलं कमाल-किमान मला पाठ असायचं. कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत आज किती ऊन पडलं, ते सांगणारं कुणी नव्हतं. आई ‘आमची माती आमची माणसं’ न चुकता बघायची. आम्हाला वितभर शेती नव्हती, पण तिला माहेरचा मळा आठवायचा. ‘गजरा’ लागला की वडील जेवणाचं ताट घेऊन पुढं सरकायचे. हे सगळं मनापासून आवडायचं, पण त्यात आमचं गाव कधी दिसायचं नाही.

मग नव्वदच्या दशकात गच्चीवरून गच्चीवर काळ्या वायरी आल्या. केबलवाला रात्री पिक्चर सोडायचा, तेवढंच सुरुवातीला. एक दिवस मात्र त्याच केबलवर महाद्वार रोड दिसला. आमचा महाद्वार रोड, पावसातला, छत्र्यांचा, आणि कोपऱ्यावरचा ओळखीचा फुलवाला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. टीव्हीत आपल्या ओळखीचा माणूस दिसतो, हे तिला खरंच वाटेना.

१९९८ मध्ये, बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी अशाच एका लोकल चॅनेलवर कामाला लागले. एका दुकानाच्या माडीवरची खोली. दोन व्हीसीआर, एक कॉम्प्युटर, चित्र केबलवर सोडणारा एक मॉड्युलेटर, आणि कॅसेटींनी भरलेलं कपाट. मराठी टायपिंग येत होतं म्हणून मला ठेवलेलं. काम एकच, खालची पट्टी.

पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडं सरकत जाणाऱ्या ओळी. व्हीसीआरचं चित्र आणि कॉम्प्युटरची अक्षरं एकत्र करणारं एक कार्ड होतं, बाकी सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. लोक जिना चढून यायचे, हातात कागदाचा चिटोरा. “पोरी, एवढं पट्टीत सोड की गं.” साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, नवीन मिसळीचं दुकान. कुणाच्या ऑपरेशनला ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. शिवाजी पेठेत उद्या पाणी नाही. जोतिबाच्या यात्रेत म्हातारी चुकली, अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर गुलाल. ही शेवटची चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा माझ्या खुर्चीमागंच उभा होता आणि मी टाईप करताना त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता. गुलालाची खूण मी काढून टाकली, यात्रेत गुलाल नसलेलं कपाळ कुठून आणायचं? त्याऐवजी त्याला विचारून ‘डाव्या हातावर गोंदण’ घातलं. म्हातारी रात्री दहाला सापडली. वडणग्याच्या एका घरात तिला चहा देऊन बसवलेलं, त्या घरात केबल होती.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मात्र रक्षाविसर्जनाच्या. कोल्हापुरात माणूस गेला की पहिला प्रश्न हाच असतो, रक्षाविसर्जन कधी? नाव, वय, गल्ली, वार, सकाळी नऊ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी. या ओळींचे पैसे मालक घेत नसत. एकदा मी सोमवारच्या जागी मंगळवार टाईप केलं. संध्याकाळी दोन तास ती ओळ तशीच फिरली. गडहिंग्लजहून येणारे पाहुणे मंगळवारी नदीवर पोचले, तेव्हा घाट रिकामा होता. मी त्या घरी गेले, आजींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, “आमचं मानूस गेलंय, तुजी काय चूक?” त्या दिवसापासून वार मी तीनदा वाचते. आजही, लग्नपत्रिका असली तरी.

बातम्यांचं बुलेटिन रोज वीस मिनिटांचं. शहरातली सगळी केबल तेव्हा एका वायरीवर नव्हती. म्हणून बुलेटिनच्या कॅसेटी काढून स्कूटरवरून दुसऱ्या कंट्रोल रूमला पोचवायच्या. आम्हाला आठला दिसलेली बातमी कसबा बावड्याला साडेआठला दिसायची. बातम्या वाचणारी मुलगी घरी सगळ्या कोल्हापुरी मुलींसारखी ‘मी जातो, मी येतो’ म्हणायची आणि कॅमेऱ्यासमोर ‘येते, जाते’. विसर्जनाच्या मिरवणुकीला मात्र तिला तासन् तास बोलत राहावं लागायचं आणि पहाटेपर्यंत तिची भाषा घरची व्हायची. खासबागेतून मानाचा तुकाराम माळी तालमीचा गणपती निघाला, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही पापाची तिकटी सोडत नव्हतो. रात्री तीनला ती म्हणाली होती, “आता कोण आलंय बघतो हं.” मला ती भाषा फार आवडायची. मुंबईच्या टीव्हीवर ती कुणी बोलत नव्हतं.

फुटबॉलबद्दल वेगळं लिहायला हवं, इथं थोडंच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच दुपारी झालेली असायची, हजारोंनी डोळ्यांनी बघितलेली. तरी रात्री रेकॉर्डिंग लागलं की पेठेत रस्ता मोकळा. गोल ऑफसाईड होता की नव्हता, हे ठरवायला. आमचा कॅमेरा एकच आणि तो गॅलरीत एका जागी उभा, त्यातून ऑफसाईड काय कळणार! पण कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावा, असे फोन यायचे, आणि मी ती लावायची.

२००५ चा पूर. जुलैचा शेवट. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मी कलेक्टर ऑफिसला फोन लावून पातळी घ्यायची आणि पट्टी बदलायची. पाणी सुतारवाड्यात शिरलं, जामदार क्लबला आलं, मग व्हीनस कॉर्नर. वीज गेलेल्या घरांत आमची पट्टी दिसत नव्हती, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ती नेमकी हीच घरं. हे त्या रात्री मला फार लागलं. मग उंचावरच्या पेठांतून लोक फोन करायला लागले, ‘आमची बहीण दुधाळीत आहे, कळवाल का?’ मी नावं लिहून घ्यायची आणि ट्यूबवर बसून तिकडं जाणाऱ्या पोरांच्या हातात यादी द्यायची. उलटी पट्टीच ती.

पुढं माझं लग्न झालं, काम सुटलं. सेट-टॉप बॉक्स आले तसे आमच्यासारखे छोटे चॅनेल बंद पडत गेले. मोठे टिकले, आता मोबाईलवरही दिसतात, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा मीही तेच बघत बसले होते. मोबाईलवर आता सगळं लवकर कळतं, हे खरंच. पण ग्रुपमधला निरोप ग्रुपमधल्यांनाच कळतो. वडणग्याच्या त्या घरानं त्या मुलाला कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी जुन्या मालकांकडं गेले. कपाटातल्या कॅसेटींचं काय झालं, विचारलं. त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. तीन तासांची कॅसेट महाग पडायची, म्हणून एकीवरच पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं, हे मला माहीत होतंच. १९९९ च्या मिरवणुकीवर २००० ची मिरवणूक, तिच्यावर एक मॅच, मॅचवर कुणाचं तरी उद्घाटन. उरल्या त्या बुरशीनं गेल्या. ती मुलगी पहाटे तीनला काय म्हणाली, ते आता कुठंच नाही.

माझ्याकडं चिठ्ठ्या आहेत. टाईप करून झालं की चिटोरा फेकवत नसे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. काल डबा उघडला. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, वेलांट्या सगळ्या उलट्या:

“रंकाळा स्टँडवर पिवळी पिशवी राहिली. आत नवीन दप्तर आणि पाटी आहे. ज्यांना मिळाली त्यांनी कंडक्टरजवळ द्यावी. पोरगं सोमवारी शाळेत जाणार आहे.”

मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘पिशवी मिळाली, पट्टी काढली, शनिवार.’