पहिला घाणा पिवळा

शनिवार, रात्री

अर्धा किलो मैदा आज गाईच्या पोटात गेला. तिनंही आधी वास घेतला, मग खाल्ला.

खूळ लेकीचं. महाशिवरात्रीला आमच्या गोंदियातल्या प्रतापगडच्या जत्रेहून येताना गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात मोमो खाल्ले, तेव्हापासून तिच्या डोक्यात वाफवलेलं काहीतरी बसलं आहे. कॅम्प १९७२ पासूनचा, म्हणजे माझ्या आधीपासून इथे. तरी मोमो चुलीवरून उतरताना मी यंदाच पाहिले. त्यांची पारी पातळ, बिनयीस्टची. लेकीला मोबाइलवर दिसले ते चिनी बाओ: जाड, पांढरे, पावासारखे फुगलेले. चिनीत बाओ म्हणजे गुंडाळणं, एवढं तिनंच मला सांगितलं.

कृतीत लिहिलं होतं, कणीक उबदार जागी दीड तास ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे उबदार जागा शोधावी लागत नाही हो, थंड जागा शोधावी लागते. पडवीत कणकेचा गंज, म्हणजे पातेलं, झाकून ठेवला आणि बरबटी (चवळी) उकडायला लागले. दीड तासानं पाहते तर कणकेनं वरचं ताट उचललेलं. बोट लावलं की फस्सकन बसायची, वास आंबट.

आई म्हणाल्या, "चिमूटभर सोडा टाक, आंबट मरते." खरंच मरतं. चिनी लोकही जुन्या आंबवणाच्या कणकेत खार घालतात ते त्यासाठीच. पण माझी चिमूट चमच्याएवढी झाली. घाणा उतरवला तर सगळे पिवळे! मैद्यातला रंग खारानं पिवळा होतो, जसा हळदीचा डाग साबण लावला की तांबडा होतो. चवीलाही साबणच. त्यात झाकणावरचं पाणी ठिबकून वर खड्डे, आणि मी घाईनं झाकण उघडलं तशी सालं सुरकुतली.

आई वाकून बघत राहिल्या. "हे का झालं वो बाई, कावीळ झाली का यायले?"

बरबटी मात्र छान झाली होती. भाकरीसोबत संपली.

रविवार, दुपारी

पहाटे पाचला उठले. माठातलं पाणी घेतलं, यीस्ट कालच्या अर्धं, सोड्याचा डबा फळीवर वर ठेवून दिला. चाळीस मिनिटांत कणीक दुप्पट.

सारण पुरणाचं, हा आईंचा हट्ट. मला आधी विचित्र वाटलं, पण चिन्यांच्या गोड बाओतही लाल बिया शिजवून, वाटून, साखर घालूनच भरतात. ते पुरणच की. रात्री आईंनी ते सराटा (उलथनं) उभा राहीपर्यंत घोटलं होतं आणि सकाळपर्यंत गार झालं होतं. सारण गरम असलं तर तळ ओला होऊन फाटतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

पारी मध्ये जाड, कडेला पातळ लाटायची. माझ्या चुण्या दोन मिनिटांत उकलायच्या. आईंनी पारी डाव्या तळहातावर घेतली, अंगठ्यानं पुरण आत दाबून धरलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी कड चिमटत गेल्या. बाओ फिरत होता, बोटं जागच्या जागी. जुन्या करंजीची मुरड, फक्त सरळ रेषेऐवजी गोल. शेवटी उरलेलं टोक पिळून आत खुपसलं. मी मोजल्या, पंधरा चुण्या. "मोजतेस काय, लाट," म्हणाल्या.

कृतीतला कागद आमच्याकडे कुठला! बांधावरच्या पळसाला नुकती नवी पानं आलीत, तीच कापून एकेकाखाली ठेवली. वीस मिनिटं पुन्हा फुगू दिले. मग गंजात पाणी, वर चाळणी, झाकणाला धोतराचा तुकडा बांधलेला, म्हणजे थेंब कापडात. बारा मिनिटं वाफ. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. लेक लावेल म्हणून आईंनी तिचा हात धरून ठेवला होता.

पांढरे! अगदी दुधासारखे नाहीत, आमच्या दुकानातल्या मैद्यासारखे. एक माझा फुटून पुरण बाहेर आलेलं, तो मीच खाल्ला. तळाला पळसाच्या शिरा उमटल्या होत्या, लेक आधी त्याच बघत बसली. फोडून आत तूप सोडायचं ही आईंची भर.

हे उन्हाळी धानाच्या मळणीवरून नऊला आले. हात धुऊन चार खाल्ले, बोलले काहीच नाही, पाचव्याला हात घातला.

दोन उरलेत. ओल्या फडक्यात बांधून ठेवलेत. आई म्हणतात, शिळे झाले की उद्या तव्यावर तुपात भाजून पाहू.