तिसरा शब्द कुणाचा? फ्रेझल व्हर्ब शिकतानाचा माझा अनुभव

फ्रेझल व्हर्ब म्हणजे इंग्रजी क्रियापदाला 'अप', 'आउट'सारखा छोटा शब्द जोडून होणारी जोडी. त्यातल्या आधी 'गेट'ची यादी पाठ करून पाहिली: गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अलाँग. आठवडाभरात सगळ्यांची सरमिसळ झाली, कारण एका क्रियापदाखाली रचलेल्या जोड्या एकमेकींत मिसळतातच. यादी बाजूला ठेवून वाक्यं फोडायला घेतली, तेव्हा जमू लागलं.

'वुई हॅव रन आउट' म्हणजे संपलं. काय संपलं ते सांगायचं तर 'रन आउट ऑफ (of) मिल्क'. 'आउट' आहे क्रियापदाचं आणि 'ऑफ' आहे दुधाचं. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं तसंच हे प्रीपोझिशन, फक्त इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं. दूध वाक्यातून गेलं की 'ऑफ'ही जातं. 'कॅच अप विथ' आणि 'कट डाउन ऑन' यांचंही तेच. 'पुट अप विथ' मात्र वेगळं. त्यातलं 'विथ' काढलं तर 'सहन करणं' हा अर्थच उरत नाही, म्हणून ते तिन्ही शब्दांनिशीच लक्षात ठेवावं लागतं.

क्रियापदाच्या या मधल्या शब्दाचं ('आउट', 'अप') काम बरंचसं आपल्या 'खाऊन टाक'मधल्या 'टाक'सारखं. 'ईट अप'मधला 'अप' वर कुठेही जात नाही, तो ताट रिकामं करतो.

पण दोनच शब्द असतील, तर दुसरा कुणाचा? तिथे 'इट' घालून पाहायचं. 'टर्न ऑफ (off) द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की 'टर्न इट ऑफ' एवढंच चालतं. 'लुक ॲट इट'मध्ये मात्र 'इट' मध्ये शिरूच शकत नाही, कारण 'ॲट' पुढच्या नामाचा. कानालाही फरक कळतो: 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर, 'लुक ॲट इट' म्हणताना 'लुक'वर.

ईमेलमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. 'टू' दिसला की हात आपोआप मूळ क्रियापद लिहितो. त्या जागी नाम ठेवून पाहा: 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' चपखल बसतं. म्हणजे हा 'टू' नाम मागणारा आहे, म्हणून 'टू मीटिंग यू'.

वहीत तीन रकाने केले: क्रियापद, मधला शब्द, आणि नामासकट प्रीपोझिशन. आठवड्याला पाचच नोंदी, प्रत्येकीपुढे घरातलं एक खरं वाक्य. जास्त घेतल्या की उजळणी राहून जाते.

याच वहीने 'कोप अप विथ'ची खोड मोडली. 'कीप अप विथ'च्या ओढीने आपल्याकडे सर्रास तसं म्हटलं जातं, पण 'कोप'पुढचा मधला रकाना रिकामाच राहतो: कोप, काही नाही, विथ प्रेशर. आणि 'डिस्कस अबाउट'वाल्या 'डिस्कस'ला तर तिसऱ्या रकान्यातही प्रीपोझिशन नको, नुसतं नाम पुरतं: 'डिस्कस द बजेट'.