हम्बोल्ट पेंग्विन: उन्हातला पक्षी

राणीबाग बघून आलेली नाशिकची पोरं हमखास विचारतात, पेंग्विनला बर्फ का नाही ठेवला? तिथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पहिले २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले. या जातीच्या मुलखात बर्फ नसतोच. पेरू आणि चिलीचा पॅसिफिक किनारा हे त्याचं घर. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर. दक्षिणेला तितक्याच अंशांवर चिलीतलं इकीके शहर आहे, आणि ते याच किनारपट्टीत येतं. मागे अटाकामाचं वाळवंट, पुढे गार समुद्र.

समुद्र गार असतो तो हम्बोल्ट प्रवाहामुळे. वाऱ्याच्या जोराने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, प्लवकावर आंचोवेटा नावाचा बोटभर मासा आणि त्यावर पेंग्विन. एल निनोच्या वर्षी ही गारव्याची उपसणी मंदावते, मासळी खोल जाते किंवा लांब सरकते, आणि भुकेले पेंग्विन अंडी सोडून निघून जातात. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूमधली त्यांची संख्या अशीच कोसळली. आपल्याला एल निनो म्हटलं की गंगापूर धरणाची पातळी आठवते, तिकडे घरटी ओस पडतात.

घरट्याची गोष्ट तर द्राक्षबागाईतदारांना लगेच कळेल. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं साचलेले थर म्हणजे ग्वानो, नत्र आणि स्फुरदाने ठासून भरलेलं खत. पाऊस जवळजवळ नसल्याने ते धुऊन जात नाही. पेंग्विन त्यातच बीळ कोरतो: आत सावली, वर पक्कं छप्पर, अंड्यावर टपलेल्या सीगलपासून आडोसा. एकोणिसाव्या शतकात हे थर खणून जहाजं भरभरून युरोपला गेली आणि खाली उघडा खडक उरला. आता बऱ्याच जोड्या कपारीत किंवा उघड्यावर अंडी घालतात, तिथे ऊन आणि सीगल दोन्ही गाठतात. अंडी बहुधा दोन, उबवणी सुमारे ४० दिवस. नरमादी पाळीपाळीने बसतात.

एवढ्या उन्हात तग धरायची सोय चोचीच्या मुळाशी दिसते. तिथली कातडी पिसांविना, गुलाबी असते. अंग तापलं की रक्त तिकडे वळतं, गुलाबी रंग गडद होतो आणि उष्णता बाहेर पडते. जोडीला पक्षी पंख अंगापासून सुटे धरतो आणि चोच उघडून धापा टाकतो. छातीवर काळा पट्टा एकच. दोन दिसले तर तो मॅगेलॅनिक, वेगळी जात. पोटावरचे काळे ठिपके मात्र प्रत्येकाचे निराळे, त्यावरून पक्षी ओळखता येतो.

वर्षातून एकदा पेंग्विनची सगळी पिसं एकदमच झडतात. नवी येईपर्यंत दोन-तीन आठवडे अंगावर पाणी रोखणारा थर नसतो, म्हणून तो समुद्रात उतरत नाही आणि उपाशी राहतो. त्याआधी भरपूर खाऊन चरबी साठवावी लागते. मासळी नेमकी तेव्हाच कमी पडली तर पक्षी या उपासातून वाचत नाही. काचेआड फाटक्या गोधडीसारखा, कोपऱ्यात गप्प उभा दिसला तर लगेच आजारी ठरवू नका.

पिंजऱ्यातल्या पेंग्विनचं खरं दुखणं वेगळंच: अ‍ॅस्परजिलस बुरशी. दमट, कोंदट हवेत तिचे बीजाणू फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत रुजतात, आणि लक्षणं दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून नुसता गारवा पुरत नाही, हवा सतत गाळून खेळती ठेवावी लागते. डासांमुळे पक्ष्यांचा मलेरिया होतो. सतत कडक फरशीवर उभं राहून तळपायाला फोड येतात, त्यासाठी जमीन खडबडीत आणि चढउताराची हवी.

गोठवलेल्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व टिकत नाही, म्हणून मासळीच्या किलोमागे २५ ते ३० मिलिग्रॅम वरून देतात. गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसायची आणि मासा डोक्याकडून भरवायचा, म्हणजे पर घशात अडकत नाहीत. मासळी फ्रीजमध्येच सावकाश वितळवायची; नळाखाली धरली की उरलंसुरलं सत्त्व पाण्याबरोबर जातं.

बघायला जायचं तर पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने भायखळा. बुधवारी बाग बंद असते.